तळचा थर

"परवा सकाळी दहाला येतायत त्या खात्याच्या बाई. छप्पर बघायला," फोन ठेवत ती नवऱ्याला म्हणाली.

खाटेवरून त्याने डावा हात उचलला. गेल्या थंडीत उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. तेव्हापासून जे काही बोलायचं ते त्या एका हाताने.

अकरा वर्षं खपून त्याने हा पडका गोठा राहता केला होता. गव्हाणीच्या फळ्यांवर पुस्तकं मांडली, गुरं बांधायच्या कड्या भिंतीत तशाच ठेवल्या. पाहुण्यांना सांगायचा, "आधी इथे बैल बांधायचे, आता हिने मला बांधलंय." मुलखाचा हट्टी माणूस. स्वयंपाक बाहेर पत्र्याच्या पडवीत. आत साधी मेणबत्ती लावू द्यायचा नाही. "या छपराखाली आजवर कुणी काडी ओढली नाही, आपण कशाला ओढायची?"

आता त्याच छपरावरून नवा रस्ता जाणार होता. गोठा दोनशे वर्षांचा आहे असं जुन्या इमारतींच्या खात्याने लिहून दिलं, तरच रस्ता वळणार. नाहीतर महिनाअखेरीला बुलडोझर. कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागणाऱ्या या माणसाला घेऊन जायचं कुठे? विचार करकरून तिच्या डोक्याचा भुगा झाला होता.

छप्पर शाकारणारे मामा मागे बोलता बोलता म्हणाले होते, "वरचा पेंढा आम्ही बदलतो, तळच्या थराला हात लावत नाही. वय तिथेच कळतं. पलीकडच्या जुन्या घराचा थर धुराने काळा कुळकुळीत. त्या बाईंनी नुसतं बोट फिरवलं आणि सही केली!"

ती स्टुलावर चढली. वाशांमधून हात घालून तळचा पेंढा चाचपला. पिवळाधमक. जणू कालच कुणी अंथरलाय. याला जुना कोण म्हणणार?

आयुष्यात तिने बसचं तिकीटसुद्धा कधी चुकवलं नव्हतं. पण त्या दुपारी तिने घमेल्यात निखारे घेतले, वर ओला पेंढा टाकला, शेजारी पाण्याची बादली ठेवली आणि दार लावून घेतलं. धूर वर चढला.

"ना... ना..." नवऱ्याच्या घशातून आवाज आला. हात छपराकडे, मग घमेल्याकडे, मग पुन्हा छपराकडे.

"काही पेटत नाही हो! बादली भरून ठेवलीय. दोन दिवस कळ काढा. हौस म्हणून करतेय का मी हे?"

त्याने तिचं मनगट घट्ट धरलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. धुराने होणारच. तिने पदराने ते पुसलं आणि घमेल्यात आणखी पेंढा घातला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तळचा थर काळाभोर झाला. तिसऱ्या दिवशी पहाटेच तिने सगळी दारं-खिडक्या उघडून वास घालवला.

बाई दहाच्या ठोक्याला आल्या. वयाने लहान, बोलायला गोड. कड्या पाहिल्या, गव्हाण पाहिली, खूश झाल्या. मग शिडी लावून वर चढल्या आणि बोट फिरवलं. बोट काळं झालं.

त्यांनी ते उजेडाकडे धरून निरखलं. तिचा जीव टांगणीला लागला.

"काकू, ही काजळी आहे."

"हो ना! दोनशे वर्षांची असेल," ती घाईघाईने म्हणाली.

खाटेवरचा हात एकदा उचलला गेला आणि खाली पडला.

बाई खाली उतरल्या. रुमालाला बोट पुसलं, कागदावर एक आडवी रेघ मारली.

"जुन्या घराचा थर काळाच असतो, काकू. तिथे चूल पेटते. गोठ्यात कोण पेटवतं? म्हणजे हे छप्पर इथे माणसं राहायला लागल्यानंतरचं." त्यांचाही आवाज उतरला होता. "मी फार आशेने आले होते हो. खऱ्या गोठ्याचा तळचा पेंढा दोनशे वर्षांनीही पिवळाधमक राहतो. जणू कालच कुणी अंथरलाय."