निळ्या गाडीची किल्ली

दुपारच्या शांततेत दारामागच्या खिळ्यावरचा जुडगा किणकिणला. पंखा बंद होता, खिडकीही लावलेली होती.

तिच्या नवऱ्याची एक खोड होती. गाडी विकली तरी तिची एक किल्ली तो ठेवून घ्यायचा.

"घर आहे की भंगाराचं दुकान?" ती चिडवायची.

"अगं, गाडी विकली म्हणून तिची सोबत का विकायची?"

तिने जुडगा हातात घेतला. ही मोटरसायकलची, तिच्यावर मागे बसण्यासाठी ती घरी थापा मारायची. ही त्या खटाऱ्याची, रोज ढकलावा लागे तो. ही पांढऱ्या गाडीची, जिच्यातून तान्ह्या लेकीला घरी आणलं.

त्यापुढे आणखी एक किल्ली होती, निळ्या गाडीची. तो त्याच गाडीसकट पुलावरून नदीत गेला, त्याला वर्ष होत आलं. गाडी वर निघालीच नाही, आणि किल्ली गाडीतच होती.

खिशातून नुकतीच काढल्यासारखी ती कोमट लागत होती. तिने ती गालाशी धरली. सोडवेना.

मागे लेक उभी होती. तिने बूट घातले होते, उलटसुलट पायांत.

"आई, बाबा खाली गाडीत बसलेत. आज मी पुढे बसू?"