ओलं म्हणजे किती ओलं

जरबेराची दोनशे रोपं कुजली, तेव्हा मालकांनी पाणी घालणाऱ्या हौसाबाईंना कामावरून काढायचं ठरवलं. पॉलिहाउसची देखरेख माझ्याकडे होती. रोपांबरोबर आलेला इंग्रजी कागद मीच त्यांना समजावला होता. त्यातल्या ‘मॉइस्ट’ला मी ओलं म्हटलं होतं आणि ‘वेट’लाही ओलंच.

हौसाबाई म्हणाल्या, “ताई, तो कागद पुन्हा वाचा. एकेक शब्द सांगा.”

मी ‘मॉइस्ट’ म्हटलं. मला अर्थ ठाऊक होता, पण सांगता येईना. त्यांनी नारळाच्या भुशाचं मूठभर कोकोपीट भिजवून घट्ट पिळलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. हाताला गारवा लागला, पाण्याचा थेंब मात्र पडला नाही.

“एवढंच,” मी म्हणाले.

“हे ओलसर. याहून कमी ते दमट. बोटांतून पाणी गळलं की ओलं, आणि पाय रुतला की पचपचीत. तुम्ही ओलसर म्हणाला असता, तर मी एवढं पाणी घातलंच नसतं.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मलाच मान वर करवेना.

मी तशीच मालकांकडे गेले, चूक माझी असल्याचं सांगितलं आणि सगळा कागद मराठीत लिहून पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“हे शब्द कुणी सुचवले?”

“हौसाबाईंनी.”

“त्यांना इंग्रजी येतं?”

“नाही,” मी म्हणाले, “त्यांना पाणी कळतं.”

मालकांनी तो कागद पंपाशेजारी लावायला सांगितला. उरलेली आठशे रोपं हौसाबाईंच्याच हाताखाली फुलली.