एकतीस फेब्रुवारी

बाबांच्या कॉम्प्युटरवर टेम्पररी फाइलींचा ढीग साचायचा आणि दर रविवारी जाऊन मी तो उपसायचो. शेवटी वैतागून चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. "तारीख-वार इथे, वेळ इथे. रविवारी दहाला कचरा आपोआप साफ होईल. माझा हेलपाटा वाचला," मी म्हणालो. बाबांनी सगळं वहीत टिपून घेतलं.

पुढचे दोन महिने मी तिकडे फिरकलो नाही. मग त्यांचा फोन आला, "पुन्हा रखडतोय रे कॉम्प्युटर."

जाऊन पाहिलं. स्क्रिप्ट शाबूत होती. फक्त ती चालवायची तारीख कुणीतरी एकतीस फेब्रुवारी करून ठेवली होती.

"बाबा, हे कुणी केलं?"

त्यांनी माझ्या शेजारी खुर्ची ओढली. "कुणी का करेना. तू सावकाश दुरुस्त कर, चहा टाकलाय."