सुनेची पहिली गिटार

सुनेने एकटीने केलेली पहिली गिटार सासऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी एकदाच तारा छेडल्या. कारखान्यातले रंधे थांबले आणि सूर विरेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग सासऱ्यांनी शांतपणे एकेक तार सोडवली आणि खुंटीवरची करवत काढली.

"अहो बाबा, काय करताय?" मुलगा ओरडला. "गिऱ्हाईक दारात उभं आहे!"

"बसायला स्टूल दे त्याला."

करवत गिटारीच्या पोटातून उभी फिरली. सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "काय चुकलं ते तोंडाने तरी सांगायचं होतं, बाबा. मी पुन्हा केली असती."

सासऱ्यांनी दोन्ही भाग अलग केले. आतल्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. कुठे सरसाचा ओघळ नाही, कुठे लाकडाचं कुसळ नाही. भिंतीवर टांगलेल्या जुन्या अर्ध्या गिटारीशेजारी त्यांनी खिळा ठोकला आणि हीही अर्धी तिथे लावली.

"चुकलं कुठे, पोरी? नव्या माणसाला आतलं काम दाखवायचं, तर सगळ्यात चांगली गिटारच कापावी लागते. तू जी बघून शिकलीस, ती तुझ्या सासूबाईंची. बिघडलेली नव्हती ती."

सून भिंतीकडे बघतच राहिली. डोळे पुसत तिने विचारलं, "आणि तुमची कुठे आहे, बाबा?"

भिंतीवरच्या दोन्ही अर्ध्या गिटारींकडे बघताना सासऱ्यांची छाती चार बोटं फुगली.

"माझ्या सगळ्या विकल्या गेल्या. कापण्याजोगी एकही झाली नाही."