डबीवरचे सतरा जिन्नस

"पुन्हा वाच. सावकाश," जगन्नाथ नातीला म्हणाले.

अक्षदाने दोन डब्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या होत्या. एक कालच माणिकपूरच्या मेडिकलमधून आणलेली, कोरी करकरीत. दुसरी त्याच क्रीमची, पण गेल्या वर्षीची. आतलं संपल्यावर आजीने ती धुऊनपुसून बटणं ठेवायला घेतली होती. जुन्या डबीवरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी, त्यातली निम्मी पुसट. अक्षदाने मोबाइलवर फोटो काढून ती मोठी केली आणि पुन्हा सुरुवात केली.

"पाणी. इकडेही पाणी. ग्लिसरीन. ग्लिसरीन. स्टिअरिक अ‍ॅसिड. स्टिअरिक अ‍ॅसिड..."

लग्नाआधी पत्रिका जुळवावी तसं चाललं होतं. फरक इतकाच, की जगन्नाथ एकेका नावाला एकेक बोट मुडपत मनातल्या मनात देवाला विनवत होते, एक तरी नाव जुळू देऊ नकोस.

शेजारच्या खुर्चीवर प्रेमलता बसली होती, भेगाळलेले हात मांडीवर ठेवून. तिचं म्हणणं साधं होतं. हे क्रीम ते क्रीम नव्हे, वास तो नाही. नंदाखाल गावातली फुलांची वाडी विकून या चौथ्या मजल्यावर येऊन आठ महिने झाले. तेवढ्यात तिने तीन दुकानांतल्या तीन डब्या उघडल्या, हुंगल्या आणि बाजूला सारल्या. मुलाने, उमंगने, आधी समजूत घातली, मग तो चिडला. शेवटी त्याने कुठंसं वाचलं, की वास न कळणं ही माणूस विसरायला लागल्याची खूण असू शकते. आज संध्याकाळी सहाला डॉक्टरांकडे नंबर लागला होता. हे कळल्यापासून प्रेमलताच्या तोंडचं बोलणंच आटलं होतं.

"सतराच्या सतरा तेच आहेत," अक्षदा म्हणाली. "आजोबा, क्रमसुद्धा तोच. शेवटी परफ्यूम, तिकडेही परफ्यूम. सॉरी, पण सेम आहे."

"हुंगून बघ."

"बघितलं. मला तर नॉर्मल क्रीमसारखंच वाटतंय. तुम्ही बघा ना."

जगन्नाथांनी डबी नाकाशी धरली. पण चाळीस वर्षं तपकीर ओढलेलं ते नाक आता फक्त चष्मा टेकवायच्या कामाचं उरलं होतं.

"म्हणजे माझंच डोकं फिरलंय," प्रेमलता म्हणाली. "सरळ सांगा ना मग."

जगन्नाथांनी डबी खाली ठेवली. एवढ्या वर्षांच्या संसारात ही बाई त्यांच्याशी कधी खोटं बोलली नव्हती, आणि आज सतरा इंग्रजी नावं तिच्याविरुद्ध साक्ष देत होती.

तेवढ्यात बेल वाजली. मेरी आली होती, नंदाखालच्या वाडीच्या कुंपणापलीकडची शेजारीण. बँकेत काम होतं, म्हणून वाट वाकडी करून आली. लिफ्टवर तिचा विश्वास नव्हता. धापा टाकतच तिने केळीच्या पानातली पुडी प्रेमलताच्या मांडीवर ठेवली.

"वहिनी, आपला सोनचाफा. दादरच्या फुलबाजारात जायचा तो पहाटेच गेला. हा तुमच्यासाठी मागे ठेवला."

"आपला?"

"म्हणजे माझ्या झाडांचा हो. तुमची झाडं आहेत अजून उभी. पण त्यांना पाणी कोण घालतंय?"

जगन्नाथांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीत कुणाचे तरी टॉवेल वाळत होते.

प्रेमलताने पान उलगडलं आणि तिचे हात आपले आपण कामाला लागले. मिटलेल्या कळ्या एकीकडे. अर्धवट उमललेल्या दुसरीकडे. पूर्ण फुललेली फुलं गाडीत टिकत नाहीत, ती तिसरीकडे, घरच्या देवांसाठी. इथून कुठली गाडी जाणार होती, तिलाच ठाऊक. अक्षदा बघतच राहिली. आजीची बोटं इतकी भराभर चालताना तिने कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती.

फुलं संपली. वाडीवर रोज सकाळी फुलं निवडून झाली, की प्रेमलता ओटीवर टेकायची आणि हाताला क्रीम लावायची. आताही हात तसाच पुढे गेला, समोरच्या नव्या डबीत बोट बुडालं आणि तळव्यावर तळवा घासू लागला. मग ती थांबली. तिने दोन्ही हात हळूच नाकाशी नेले.

"हेच," ती म्हणाली. "अहो, हेच की ते!"

अक्षदाने वाकून आजीचा तळवा हुंगला. क्रीममध्ये चाफा मिसळला होता. तिने डोळे मोठे केले आणि फोन उचलला. "बाबा, संध्याकाळचा नंबर कॅन्सल करा. नाही हो, काही झालं नाही. आजीचं नाक आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे."

मेरीला यातलं काही कळलं नाही, पण सगळे खूश दिसले म्हणून तीही खूश झाली. चहा पिऊन, पुढच्या खेपेला पुन्हा फुलं आणीन म्हणून ती जिन्याने खाली उतरली.

जगन्नाथ टेबलाशीच बसून राहिले. "दोन झाडं तरी ठेवा," असं वाडीच्या कागदांवर सही करायच्या आदल्या दिवशी प्रेमलता म्हणाली होती. त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. त्यांना फार अपराधी वाटलं. आता ती ते बोलणं काढणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी उगाच दोन्ही डब्यांची झाकणं घट्ट केली.

प्रेमलताने झाडांचा विषय काढला नाही. ती दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली होती.

"सिंकमध्ये चहाच्या कपबश्या पडल्यात," ती म्हणाली. "आज तुम्ही विसळा. मी हात धुणार नाही."