नमुन्याचं सातवं पान

"सासू पहिल्याच पानावर हवी," मास्तर म्हणाले. "नाहीतर वाचणारा दुसरं पान उलटत नाही."

शिवणवाल्या बाईंनी मान डोलावली आणि सासू लिहून टाकली.

मास्तरांनी उमेदीच्या काळात मालिकांचे अकराशे भाग लिहिले होते. त्यात एकाच सासऱ्याला दोनदा मारलं होतं आणि प्रेक्षक दोन्ही वेळा रडले होते. आता त्यांना कुणी विचारत नव्हतं. मालिका काढणाऱ्या कंपनीचा नियम सगळ्यांना सारखा: पहिल्या भागाचा नमुना पाठवायचा, वर नाव नाही, फक्त नंबर. मास्तरांचे तीन नमुने परत आले होते. निदान आपण शिकवलेलं कुणीतरी त्या दारातून आत जावं, एवढीच त्यांची आस उरली होती. तेवढ्यात खालच्या दुकानातल्या या बाई जिना चढून आल्या.

"घरी कोण कोण?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मी आणि मशीन."

"झकास! लेखकाला एवढंच लागतं."

बाई प्रश्न मात्र भलतेच विचारत. "कंपनीत नमुने वाचणारा तो माणूस सगळी पानं वाचतो का हो?"

"सगळंच नेहमीचं असेल तर तिसऱ्या पानावर जांभई देतो. सगळंच नवं असेल तर पहिल्यावरच बिचकतो. सहा पानं त्याच्या ओळखीची द्या, मग एक तुमचं."

"आणि वाचणारा तोच असतो ना दर वेळी?"

"चार वर्षं तोच आहे लेकाचा! लाल पेन, तिरकं अक्षर. माझ्या तिन्ही नमुन्यांची त्यानंच चिरफाड केलीय."

बाईंनी ते तिन्ही मागून नेले. आठवड्यानं परत दिले तेव्हा पानांच्या कडा मऊ पडल्या होत्या. मास्तर खूश. दुसऱ्याच्या चुकांवरून शिकणारी माणसं हल्ली राहिलीत कुठं?

भांडण झालं ते सातव्या पानावरून. मालिकेतल्या आईनं मुलाची गोष्टींची वही जाळलेली. खूप वर्षांनी ती कोरे कागद घेते आणि शिवणाच्या मशीनवर नवी वही शिवते. एवढंच.

"अहो, मशीनवर वही कोण शिवतं?"

"दोनदा सुई तुटते. पण शिवता येते."

"इथं आई धाय मोकलून रडायला हवी. वीज कडाडायला हवी!"

"आधीची सहा पानं तुमची, मास्तर. हवी तेवढी वीज तिथं कडाडू द्या. हे असंच राहील."

"पण कळणार कुणाला?"

"वाचणाऱ्याला कळेल."

काय ही घमेंड, मास्तर मनात म्हणाले. मग त्यांनी ते पान पुन्हा वाचलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. अकराशे भागांत असं एक पान त्यांच्या हातून उतरलं नव्हतं.

"परतीचा पत्ता तुमचाच घाला," बाई म्हणाल्या. "माझं नाव कुठंच नको." लाजतात बिचाऱ्या, मास्तरांना वाटलं.

नमुना गेला. त्या दिवसापासून टपालवाला गल्लीत शिरला की खालचं मशीन थांबायचं. वरच्या मजल्यावर मास्तरही श्वास रोखून ऐकायचे. टपालवाला पुढं गेला की मशीन पुन्हा सुरू व्हायचं, जरा सावकाश.

दीड महिन्यानं पाकीट आलं. मास्तरांनी वरचा कागद वाचला. जिना उतरायला त्यांना बराच वेळ लागला.

"बाई, मन घट्ट करा. 'नेहमीचीच मालिका. नापसंत.' असं लिहिलंय."

बाईंनी तो कागद बघितलाही नाही. त्यांनी भराभरा पानं उलटली, सातव्यावर थांबल्या, आणि हातातलं अर्धवट शिवलेलं कापड तोंडाशी धरून हसायला लागल्या. डोळे मात्र भरून वाहत होते.

"अहो, हसताय काय? नापसंत झालंय!"

"त्यानं वाचलं, मास्तर," बाई म्हणाल्या, आणि ते पान त्यांच्यापुढं धरलं.

मास्तरांनी चष्मा लावला. समासात, लाल तिरक्या अक्षरात, एकच ओळ होती:

"आई, रविवारी दुकान बंद असतं ना? येतो."