करवंदीतला कोंबडा

करवंदीच्या जाळीतून पुन्हा उत्तर आलं आणि ऐनाच्या बुंध्याआड बसलेल्या गुणाजीच्या अंगावर काटा आला.

पाऊस थांबत नव्हता. चैत्रातला अवकाळी. तिकडे तळा गावच्या बाजारात आंबेवाले कपाळाला हात लावून बसले असतील. पण गुणाजीला हाच पाऊस पाहिजे होता. ओल्या जंगलात पानापानांतून पाणी ठिबकतं. त्या टपटपीत रानकोंबड्याला कोल्ह्याची चाहूल लागत नाही. मग तो घाबरून कडेला येतो, उघड्यावर. पाचोळाही भिजलेला, माणसाचा पाय वाजत नाही. फक्त बंदूक सांभाळायची. ठासणीची बंदूक, दारूला ओल लागली की संपलं. त्यानं बंदुकीच्या घोड्यावर दुधाची रिकामी पिशवी गुंडाळून ठेवली होती. बार एकच मिळणार होता. असल्या पावसात दुसरा ठासायचा कुठे?

परवाना शेताच्या राखणीचा होता. रानकोंबडा मारताना फॉरेस्टवाल्यांनी धरलं तर बंदूक जाईल आणि आपणही आत जाऊ, हे त्याला चांगलं माहीत होतं. बरीच वर्षं तो या वाटेला आला नव्हता.

पण काशी जेवत नव्हती. त्याची बायको. तापातून उठली, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. पेज समोर धरली की मान फिरवायची. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्नच नाही तर माझं औषध काय करणार? आणि काल ती आपणहून बोलली, "रानकोंबड्याचा रस्सा असता ना, तर दोन घास गेलं असतं."

तापातून उठल्यापासून तिनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

रानकोंबड्याला फसवायची रीत साधी. त्याच्या हद्दीत दुसरा कोंबडा आरवलेला त्याला खपत नाही. गुणाजीनं मांडीवर तळवे थापटले, पंख फडफडल्यासारखे. मग हातांची ओंजळ तोंडाला लावून आरवला. भातखाचराच्या पलीकडे ती करवंदीची जाळी होती. तिथून लगेच फडफड आली आणि मागोमाग आरवणं. कडक. शेवटी आवाजाला अशी मुरड, की गुणाजी ऐकतच राहिला.

आता तो धावून यायला पाहिजे होता. पण आला नाही.

गुणाजीनं आवाज बारीक केला, तरणा भित्रा कोंबडा काढतो तसा. जाळीतला आवाज पण बारीक झाला. गुणाजी चिडून आरवला. तोही चिडला. आसपासच्या कोंबड्यांनी केव्हाच तोंडं मिटली होती. सगळ्या रानात हे दोघंच.

"काय बेरकी हाय," गुणाजी पुटपुटला. "मलाच बोलावतंय!"

त्याला हसू आलं. ओठांवरून पावसाचं पाणी तोंडात गेलं. बापाबरोबर सगळे डोंगर पालथे घातले, पण असा कोंबडा तेव्हाही ऐकला नव्हता.

मग जाळीत लाल काहीतरी हललं. तुरा!

गुणाजीनं पिशवी काढली. घोडा चढवला. नेम धरला. मध्ये एक खाचर, चुकायचा प्रश्नच नव्हता. डोळ्यांसमोर काशीची रिकामी वाटी आली.

तेवढ्यात तो पुन्हा आरवला.

आवाज पावसाच्या वरून गेला, डोंगराला लागला आणि परत आला. गुणाजीला एकदम वाटलं, हा मेला तर या रानात राहिलं काय? रश्शात हाडं येतील. आवाज थोडाच येणार आहे? काशीसाठी घरचा कोंबडा कापू. मसाला जास्त घालू. तिला कळेल. कळू दे. शिव्या देईल. शिव्या देता देता तरी दोन घास जातील.

त्यानं अंगठ्यानं घोडा हळूच खाली उतरवला. उभा राहिला आणि जोरात टाळी वाजवली.

"जा, राजा! सोडला तुला!"

जाळीतला तुरा वर उठला. आणखी वर. माणसाच्या उंचीला येऊन थांबला. तो डोक्याला गुंडाळलेला लाल टॉवेल होता. त्याच्याखाली भिकू होता, पलीकडच्या वाडीचा, काशीचा धाकटा भाऊ. हातात बंदूक. नळी अजून ऐनाच्या बुंध्याकडे.

गुणाजीनं आपल्या बंदुकीची नळी झटकन जमिनीकडे वळवली.

"काय हे, दाजी!" नळी खाली करून भिकू चिखल तुडवत, तणतणत आला. त्याच्या डोक्यात अजून काहीच शिरलं नव्हतं. "टाळी पिटून उडवलात ना त्याला! काशीताईनं फोन करून रस्सा मागितला, म्हून पहाटेपासनं भिजतोय मी."

"को... कोनाला उडवला?"

"अवो, कोंबडा! ह्याच बुंध्याला व्हता, तुमच्या पायाशी. काळा, ह्यो येवढा! पिसं हलताना दिसली मला."

गुणाजीनं खाली बघितलं. अंगावरची काळी घोंगडी भिजून लोंबत होती.

"दोनदा नेम धरला मी," भिकू म्हणाला.

"मग मारला का न्हाय?"

भिकूनं टॉवेल सोडून तोंड पुसलं. पुसता पुसता त्याचा राग उतरला. जरासा लाजल्यासारखा तो हसला.

"त्याचं आरवनं ऐकलंत ना, दाजी? बोटच वळंना."